देवांच्या बदलीचा आठवडा

२४ जानेवारी २०१९, गुरुवार. संध्याकाळ.

मुलआनच्या बंधुभगिनींनो! दरवर्षी देवांच्या बदलीच्या आठवड्यात आपल्या गावातून सामानानं भरलेले ट्रक बाहेर जातात. भरलेला ट्रक आत आलेला तुम्ही शेवटचा कधी पाहिलात? शाळेत पोरं नाहीत. घरांना कुलपं आहेत. समुद्राकडच्या घरांचे शहरवाल्यांनी कॅफे केले, आणि तिथली कॉफी आपल्याच खिशाला परवडत नाही! पण या वर्षी, बंधुभगिनींनो, एक ट्रक आत येणार आहे!

(सुरुवात जमली. इथे टाळ्यांसाठी थांबायचं.)

आज संयुक्त निर्वासित साहाय्य समिती स्थापन झाली. ग्रामसमिती, महिला मंडळ, तरुण मंडळ, पाणबुड्या बायकांची संस्था आणि चर्च. पाच संस्था, एक अध्यक्ष. अध्यक्ष मी. एकमताने. पाणबुड्यांच्या प्रमुख ह्यॉन चुन-ह्वा काकींनी "दुसरं कोण रिकामं आहे?" असं विचारलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नेतृत्व असं आपोआप चालत येतं.

काम सरळ आहे. नबील, त्याची बायको अरवा आणि सात वर्षांची रीम. येमेनमधल्या लढाईतून जीव वाचवून आपल्या बेटावर आले. नबील किनाऱ्यावरच्या मत्स्यशेतीत टाक्या धुतो, तिघं तिथेच कामगारांच्या एका खोलीत राहतात. १ फेब्रुवारीला दुपारी ती खोली नव्या कामगारांना द्यायची आहे. शहरातला दातांचा डॉक्टर यांग त्याच्या आईचं गावातलं रिकामं घर वर्षभर द्यायला तयार आहे. अट एकच: राहायला जायचं ते देवांच्या बदलीतच. जुने घरदेव उद्या वर जातील, नवे १ तारखेच्या संध्याकाळी हजर होतील. मधल्या काळात घर बदला, फरशी उखडा, झाड तोडा, बघायला वर-खाली कोणी नाही. एरवी मुलआनमध्ये माणूस खिळा ठोकतानाही कॅलेंडर बघतो. थोडक्यात, हा आठवडा हुकला की वर्ष हुकलं, आणि तिघं रस्त्यावर.

ट्रक, फरशीखालून घर गरम ठेवणारा बॉयलर आणि भाषण ही तीन कामं मी स्वतःकडे घेतली. अवघड कामं अध्यक्षानं घ्यावीत.

बॉयलरवाला सोंग तर आजच पान्हे घेऊन यांगच्या आईच्या घराच्या दारात उभा होता. मी परत पाठवला. म्हटलं, घरात देव अजून हजर आहेत, आणि तू भिंतीला हात लावतोस? उद्या ये. तो म्हणाला, "सर, उद्यापासून मी सापडायचो नाही. अख्ख्या बेटाला याच आठवड्यात नळ बदलायचे असतात." मी हसलो. माझा विद्यार्थी आहे. इतिहासात मी त्याला ढकलून पास केलंय. माझ्यासाठी येईल.

संकल्प: भाषण दहा मिनिटांच्या आत. तिघं घरात जाईपर्यंत दारू बंद. मीटिंगमध्ये महिला मंडळाच्या अध्यक्षांना "तू मधे बोलू नकोस" म्हणायचं नाही. (महिला मंडळाची अध्यक्ष माझी बायको आहे.)

२५ जानेवारी, शुक्रवार. दुपार.

देव गेले. सोंगला फोन केला. उचलला नाही. कामात असेल.

पहिली मीटिंग. पाद्री मून मुख्य भूमीवरचे, बारा वर्षं इथे राहूनही त्यांना हा बदलीचा प्रकार पटत नाही. म्हणाले, आमचा देव बदलीवर जात नाही. चुन-ह्वा काकी म्हणाल्या, "म्हणूनच त्या एकट्यावर एवढं काम पडतं." मून हसले. मी हसलो नाही. अध्यक्षानं तटस्थ असावं.

तरुण मंडळाचा प्रमुख को यॉंग-बे (वय अठ्ठावन्न) विचारत होता, उद्घाटनाला डुक्कर कापायचं ना? मी सांगितलं, पाहुणे डुक्कर खात नाहीत. तो म्हणाला, "म्हणजे नवरीशिवाय लग्न." मी त्याला सहिष्णुतेवर वीस मिनिटं सांगितलं. पटलं असावं, कारण उठून बाहेर गेला.

मल-सुन, म्हणजे महिला मंडळ, म्हणाली, "उद्घाटन कशाचं पण? घर झाडू या, सामान नेऊ या, संपलं." मी तिला मधे बोलू नकोस असं म्हटलं नाही. फक्त हात वर केला.

मोठं काम गुपचूप केलं की गाव त्याला चोरी समजतं. बॅनर हवा, सभा हवी, सरकारी अधिकारी हवेत. अधिकाऱ्यांना १ तारखेची दुपारच मोकळी आहे. शेवटचा दिवस खरा, पण नाट्य त्यातच आहे.

२७ जानेवारी, रविवार.

आज बर्फ आणि आडवा वारा. कुटुंबाला भेटायला स्वतः गेलो. अध्यक्ष आहे म्हणून नव्हे, माणूस म्हणून. (यॉंग-बेला फोटो काढायला नेला होता. त्यानं अंगठा भिंगावर ठेवला.)

रात्रभर इंग्रजी वाक्यं पाठ केली होती. निर्वासितांच्या वेदनेवरचं पहिलं वाक्य संपवलं, तर नबील आमच्याच गावच्या बोलीत म्हणाला, "काका, आत या, वारा खाऊ नका. बॉयलरचं काय झालं?" बोली पाणबुड्यांकडून शिकला म्हणे, त्यामुळे दोन शिव्याही अचूक येतात. मी म्हटलं, बॉयलर झाल्यातच जमा. अरवानं चहा दिला. तिच्या चार पिशव्या बांधून दाराशी ठेवलेल्या होत्या. एवढ्या लवकर कशाला, मी विचारलं. नबील म्हणाला, "आम्हाला सवय आहे."

हे उत्तर मला भाषणात घालता येईल.

रीमच्या पायात उन्हाळी चपला. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. नंतर तिनं काहीतरी विचारलं, नबीलनं सांगितलं: हे काका ट्रकवाले का?

सोंगला सात फोन. सातव्याला त्याची बायको बोलली. दुसऱ्या टोकाच्या गावी आहे, सर, १ तारखेनंतर बघतील म्हणाले. मी म्हटलं, १ तारखेनंतर पाइपाला हात लावता येत नाही. ती म्हणाली, "मग पुढच्या वर्षी जरा आधी सांगा."

विद्यार्थ्यांवर उपकार करू नयेत.

२८ जानेवारी, सोमवार. सकाळ.

बॅनरचा मजकूर तयार. खाली पाच संस्थांची नावं.

दुपारी.

नावांच्या क्रमावरून वाद. तरुण मंडळ म्हणतं, ट्रक आमचा, आम्ही वर. पाणबुड्या म्हणतात, मंडळाच्या जन्माआधीपासून आम्ही समुद्रात उतरतोय. मून म्हणाले, चर्च कितीही खाली चालेल, आणि हे इतक्या उंच आवाजात म्हणाले की त्यांना वरच जायचं होतं हे सगळ्यांना कळलं. मल-सुन म्हणाली, "पोरीच्या डोक्यावर छप्पर नाही आणि तुम्ही बॅनरवर मजले चढवताय."

मी अशा वेळी इतिहासाकडे वळतो. जुन्या काळी बंड करणाऱ्या शेतकऱ्यांनी नावं गोलात लिहिली होती, म्होरक्या कोण ते सरकारला कळू नये म्हणून. मी उभा राहून म्हणालो, आपणही गोलात लिहू! कोणी वर नाही, कोणी खाली नाही! माझ्या आयुष्यातल्या उत्तम वाक्यांपैकी एक.

चुन-ह्वा काकींनी कागद फिरवून पाहिला. "गोलालाही डोकं असतं रे पोरा. तुझी ग्रामसमिती बाराच्या ठोक्यावर आहे. आम्ही सहाच्या. म्हणजे आम्हाला पाण्याखाली घातलंस." आणि निघाल्या. बाकीच्या पाणबुड्याही निघाल्या. मी मागून हाक मारली. चुन-ह्वा काकी वळून म्हणाल्या, "तू गोल काढ. आम्ही घर झाडायला जातो."

रागात माणूस काहीही बोलतो. समजूत घालायला हवी. भाषणात एक परिच्छेद पाणबुड्यांवर.

२९ जानेवारी, मंगळवार.

ट्रक नाही. यॉंग-बेनं तो मेव्हणीला दिला, ती शहरात घर बदलतेय. मी म्हटलं, अरे, कबूल केलं होतंस! तो म्हणाला, "अध्यक्षसाहेब, तुम्ही दिवस कुठे सांगितला? उद्घाटनाची तारीख तीनदा सांगितलीत. सामान कधी न्यायचं ते एकदाही नाही." बेटावरच्या सगळ्या भाड्याच्या ट्रकवाल्यांना विचारलं. याच आठवड्यात ट्रक मागतोय म्हटल्यावर एक तर फोनवर हसतच राहिला.

काळजी नाही. सामान म्हणजे चार पिशव्या. मुद्दा ट्रकचा नाही, प्रतीकाचा आहे. पण माझ्या भाषणाच्या सुरुवातीला ट्रक आहे. सुरुवात बदलणं अशक्य.

संध्याकाळी थोडी दारू. थंडीमुळे. संकल्प दारूचा होता, औषधाचा नव्हता.

३० जानेवारी, बुधवार.

बॅनर आला. नावं गोलात. लांबून काहीच वाचता येत नाही. यॉंग-बे म्हणाला, नवीन पिझ्झाचं दुकान उघडतंय असं वाटतं.

यांग डॉक्टरचा फोन. आवाज बदललेला. ज्येष्ठ नागरिक संघातल्या कोणीतरी त्याच्या बायकोला सांगितलं की परके लोक आले तर नवे देव घरात पाय ठेवणार नाहीत. मी त्याला समानतेवर, आश्रयधर्मावर, आपलेच आजोबा होडीतून परदेशी पळाले होते यावर अर्धा तास सांगितलं. तो म्हणाला, "सर, ते सगळं मान्य. घर गरम होतंय का एवढं सांगा. पाहुणे थंडीनं आजारी पडले तर गाव म्हणेल देव कोपले, आणि माझी बायको मला घरात घेणार नाही."

मी म्हणालो, उद्या दुपारी बॉयलर चालू केल्याचा फोटो पाठवतो.

फोन ठेवल्यावर पुन्हा थोडं औषध घेतलं. थंडी फार आहे.

३१ जानेवारी, गुरुवार. दुपार.

लिहायला नको वाटतं, पण इतिहासाशी प्रामाणिक राहायला हवं.

यांगच्या आईच्या घरी गेलो तर घर लख्ख. दारं पुसलेली, खिडक्यांना नवा कागद, चुलीवर पातेलं. पाणबुड्यांनी आणि महिला मंडळानं माझ्या सूचनांची वाट न बघता हे सगळं केलेलं. शिस्त कमी आहे, पण उत्साह आहे.

सोंग नव्हता, म्हणून बॉयलर मीच चालू केला. बटणं तीनच असतात. आधी हिरवा दिवा लागला, मी फोटो काढला, यांगला पाठवला, "विजय" असा शब्द लिहिला. मग फरशीखाली पाइप फुटल्याचा फट् आवाज झाला.

दोन हिवाळे बंद असलेल्या पाइपात पाणी गोठलेलं होतं म्हणे. हे सोंगला माहीत होतं. सोंग २४ तारखेला दारात उभा होता.

पाणी खोलीभर पसरलं. मल-सुन गुडघ्यांवर बसून फडक्यानं टिपत होती. ती बोलत नाही तेव्हा मला भीती वाटते. मी यांगला फोन केला. तो म्हणाला, फरशी उखडावी लागेल, ते आज-उद्यात होत नाही, आणि उद्या संध्याकाळनंतर मी उखडू देणार नाही. "पुढच्या जानेवारीत बघू, सर." ठेवला.

नबील आला होता. चौकटीत उभं राहून त्यानं ओल्या फरशीकडे पाहिलं आणि म्हणाला, "उद्या जहाजानं मुख्य भूमीवर जातो. तिथे कोणीतरी ओळखीचं आहे." अरवा त्याला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली. मला शब्द कळला नाही, पण सूर कळला. मल-सुन माझ्याशी त्याच सुरात बोलते: ओळखीचं कोणी नाहीये तिथे, आणि ते तुलाही माहीत आहे.

मी सगळ्यांना धीर दिला. म्हटलं, उद्याच्या सभेत गावालाच आवाहन करतो, शंभर दारं उघडतील!

चुन-ह्वा काकी हात पुसत म्हणाल्या, "शंभर कशाला? मुलआनमध्ये बॉयलर अखंड चालू आणि आत माणूस नाही असं घर एकच आहे." आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मल-सुनही बघत राहिली. पाद्री मून खिडकीबाहेर बघायला लागले.

कोणाचं घर ते सांगितलं नाही. कोण असेल असा दगडाच्या काळजाचा? चौकशी करायला हवी. सभेत नाव न घेता झोडपतो.

१ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी दोन.

गावच्या सभागृहात. ऐंशी खुर्च्या मांडल्या. बॅनर लावला. माइक सुरू. बाहेर बर्फ.

अडीच.

कोणी नाही. वाऱ्यामुळे उशीर.

पावणेतीन.

अधिकारी आले. बॅनरखाली माझ्याबरोबर फोटो काढला, मूठ वर करून. "कुटुंब कुठे आहे?" विचारलं. म्हटलं, येतंय. ते घड्याळ बघून गेले. मल-सुन फोन उचलत नाही. यॉंग-बे उचलत नाही. मून उचलत नाहीत.

भाषण केलं. पूर्ण. खुर्च्यांसमोर. ट्रकचं वाक्य आल्यावर टाळ्यांसाठी थांबलो.

संध्याकाळ, सहाच्या आधी.

मत्स्यशेतीपर्यंत पळत गेलो. माझ्या वयाला हे शोभत नाही. खोलीत नवे कामगार पिशव्यांवर बसलेले. आधीचे कुठे गेले? त्यांनी खांदे उडवले. बंदराकडे पाहिलं. जहाज गेलेलं होतं.

धक्क्यावर उभा राहिलो. त्या पोरीच्या पायात चपला होत्या. तिनं विचारलं होतं, ट्रकवाले का. पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. अशी अवस्था माझी कधी झालेली नाही.

मग बर्फात चाकांचे ठसे दिसले. पाणबुड्या जाळी वाहायला वापरतात त्या हातगाड्यांचे, एकामागे एक, पुष्कळ. ठसे बंदराकडे नव्हते, वरच्या आळीला जात होते. मीही गेलो. ठसे आमच्याच दगडी कुंपणातून आत वळत होते.

आमच्या अंगणात, सगळ्यांच्या अंगणात असतात तशी, दोन घरं आहेत. आतलं आमचं. बाहेरचं आईचं होतं, चूल वेगळी, न्हाणी वेगळी. आई गेल्यापासून तिथे माझी पुस्तकं राहतात. दमट हवेत पानांना बुरशी येते म्हणून बॉयलर मी बारा महिने चालू ठेवतो.

पुस्तकं ओटीवर होती. संत्र्यांच्या क्रेटमध्ये, उलटी-सुलटी. यॉंग-बे शेवटचा क्रेट उचलून आणत होता. "अध्यक्षसाहेब, रोमचा इतिहास फार जड आहे हो." चुन-ह्वा काकी भाताचा कुकर कुशीत धरून उंबरठ्यावर उभ्या होत्या. नव्या घरात आधी कुकर जातो, मग माणसं. मून बुटांची लेस सोडत होते. मी म्हटलं, हे काय चाललंय? मला न विचारता?

मल-सुन म्हणाली, "तुम्ही सभागृहात होतात. नवे देव सहाला यायचे होते. कोणाला आधी विचारायचं?"

मी म्हटलं, ही तात्पुरती सोय समजायची. पाइप दुरुस्त झाला की...

"पाइप पुढच्या जानेवारीत," चुन-ह्वा काकी म्हणाल्या. "आणि आता आत गेलेलं माणूसही पुढच्या जानेवारीतच हलवता येतं. नियम तूच सगळ्यांना समजावून सांगत होतास ना आठवडाभर? फार छान समजावलास हो." आणि कुकर आत ठेवला.

अरवा गरम फरशीवर बसली. तळहात टेकवला आणि तसाच ठेवला. पिशव्या मात्र सोडल्या नाहीत. नबील माझ्याकडे आला, वाकला, म्हणाला, "काका, पुस्तकं मी शेडमध्ये नीट लावतो." मला काहीतरी मोठं बोलायचं होतं. मी म्हणालो, इतिहास एकीकडे, भूगोल एकीकडे.

२ फेब्रुवारी, शनिवार. सकाळ.

स्वयंपाकघरात लिहितोय. टेबल एकच आहे, आणि त्यावर मल-सुन लसूण सोलतेय.

पहाटे खिडकीतून पाहिलं. बाहेरच्या घराच्या दाराशी चार पिशव्या नव्हत्या. सोडल्या असाव्यात.

शेजारणी येऊन गेल्या. कोणी मुळे, कोणी मासळी. "अध्यक्षांचं मन मोठं," एक म्हणाली. मी नम्रपणे मान खाली घातली. मल-सुन खोकली. मान खालीच ठेवली.

गावच्या लाउडस्पीकरवर अध्यक्षानं बोलावं असं ठरलं. मी पाच पानं काढली. मल-सुननं ती घडी करून लसणाच्या साली टाकायला घेतली आणि म्हणाली, कामाचं तेवढं बोला. शेजारी उभी राहिली. ह्यॉन चुन-ह्वा काकी दारात उभ्या राहिल्या. माइक सुरू केला. आमच्याकडे आवाज आधी डोंगराला लागतो, मग परत येतो, त्यामुळे माणसाला स्वतःचं बोलणं दोनदा ऐकावं लागतं.

मी जे बोललो ते इथे उतरवून ठेवतो.

मुलआनच्या बंधुभगिनींनो. मंगळवारी नव्या वर्षाचा सण आहे, आणि आपल्या गावातल्या एका सात वर्षांच्या मुलीच्या पायात उन्हाळी चपला आहेत. तुमची पोरं शहरात गेली, त्यांचे जुने हिवाळी बूट फडताळात तसेच पडलेत, मला माहीत आहे. आज दुपारच्या आत ते अध्यक्षांच्या घरी आणून द्या.

मल-सुननं माइकवर हात ठेवला. रीमच्या घरी, म्हणाली. नीट सांगा.

रीमच्या घरी आणून द्या. ओटीवर पुस्तकं आहेत, ती ओलांडून या.